लोखंड ठेवायचा दगड

आमच्या वाडीच्या वर जी राई आहे, तिच्यात लोखंड जात नाही. आहुप्याकडे जाणारी एसटी आम्हाला जिथे उतरवते तिथून वाडी अर्ध्या तासाची चाल, आणि वाडीपासून राई पुन्हा तेवढीच. राईच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा एक सपाट दगड आहे. कोयता, विळा, किल्ल्या, खिळे मारलेल्या चपला, बायकांच्या साडीच्या पिना, सगळं त्या दगडावर काढून ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. बाकीच्यांनी पहिल्या बेहड्याच्या झाडापर्यंत जायचं. त्यापुढे फक्त सेवेकरी. वर्षातून एकदा, भात झोडून झालं की, तो नव्या तांदळाचं मडकं घेऊन देवापर्यंत जातो, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवतो, लाकडाच्या पळीने देवाला वाढतो आणि परत येतो. तो परत येईपर्यंत वाडीत कुणी नवा तांदूळ तोंडात घालत नाही. सेवेकरी मेला की त्याची राख नदीत सोडत नाहीत. ती मडक्यात भरून राईत, देवाच्या मागच्या झाडाखाली ठेवतात.

माझे आबा, म्हणजे वडील, सेवेकरी होते. त्यांचे वडील आणि आजेही. मी मात्र लग्न होऊन ओतूरला गेले आणि तिथल्या एका शाळेत प्रयोगशाळेत कामाला लागले. परीक्षानळ्या धुवायच्या, तराजू पुसायचे, मास्तर मागतील ते टेबलावर मांडायचं. विज्ञान शिकवणं माझ्याकडे नव्हतं, पण विज्ञानाची कपाटं माझ्या किल्लीने उघडायची, आणि त्याचा मला जरा जास्तच माज होता. पुढचं सगळं त्या माजातून झालं असं मी मानते. माझा नवरा म्हणतो, उगाच स्वतःला बोल लावून घेतेस. त्याला म्हणायला काय जातं.

डिंभ्याच्या धरणाचं पाणी खालच्या शिवारांत चढलं, त्याच्या आगेमागे कधीतरी आबा हिरड्याच्या झाडावरून पडले. उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, झोडायला चढले होते. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. झोळीतून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने घोडेगाव, तिथून पुणे. डॉक्टरांनी हाडात आरपार सळई घातली. चार दिवसांनी त्यांनी आबांना एक्स-रे दाखवला. काळ्या कागदावर हाड धुरकट दिसत होतं आणि त्यातून एक पांढरीफेक रेघ सरळ गेली होती. आबा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

"हे लोखंड हाय का?" त्यांनी विचारलं.

"स्टील आहे बाबा. गंजायचं नाही, मोडायचं नाही. तुमच्यापेक्षा जास्त टिकेल," डॉक्टर हसत म्हणाले.

आबा हसले नाहीत. मला म्हणाले, "काढाया सांग."

काढता येत नाही म्हटल्यावर त्यांनी एक्स-रे उलटा करून ठेवला. आजारी माणूस रडका होतो, चिडका होतो, ते मी पाहिलं होतं. आबांचं तसं नव्हतं. ते स्वतःच्या मांडीकडे असे बघत की जणू घरात कुणी परका पाहुणा येऊन बसलाय आणि त्याला जा म्हणायची सोय नाही. त्या वर्षी नवा तांदूळ काकाने नेला. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आबा ओट्यावर बसून राहिले. मुलगी म्हणून मला ते बघवेना. सेवेकरी नसलेले आबा मी कधी पाहिलेच नव्हते. शेजारपाजारच्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखे ते दिसायला लागले, आणि ते मला अजिबात पटलं नाही.

म्हणून मी शाळेतून चुंबक आणला. घोड्याच्या नालासारखा, लाल रंगाचा, टोकं तेवढी उघडी. दुपारी जेवून आबांचा ओट्यावर डोळा लागला होता, तेव्हा मी तो हळूच त्यांच्या मांडीला लावून बघितला. चिकटला नाही. पुन्हा दाबून लावला, व्रणाच्या वरून खाली फिरवला. कुठेच ओढ लागेना. माझा जीव भांड्यात पडला.

मला माहीत होतं. हे इथेच सांगून टाकते. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडच, त्यात दुसरे धातू घातलेले. काही जातींचं स्टील चुंबकाला दाद देत नाही, एवढंच. हे मास्तर दरवर्षी नववीला शिकवायचे आणि दरवर्षी मी टेबलाशी उभी राहून ऐकायचे.

दुसऱ्या दिवशी मी आबांना, काकाला आणि वाडीतल्या सगळ्यात वयस्कर म्हाताऱ्याला दगडापाशी नेलं. त्या म्हाताऱ्याच्या शब्दाबाहेर वाडी जात नसे. मी आधी चुंबक कोयत्याला लावला. खट्‌कन चिकटला. विळ्याला लावला, चपलेच्या खिळ्याला लावला. मग आबांच्या मांडीला लावला आणि हात सोडला. चुंबक पडला गवतात.

"बघा," मी म्हणाले. "लोखंड असतं तर सुटला असता का?"

म्हाताऱ्याने चुंबक उचलला, उलटासुलटा केला, स्वतः कोयत्याला लावून बघितला. मग आबांच्या मांडीला लावला. "चिकटत न्हाई," तो म्हणाला. "मंग लोखंड न्हाईच म्हनायचं. जा बाबा तू, जा आपला."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "तुझ्या साळंनं माझी लाज राखली गं बाय." मी तोंड वर करून हसले. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला आता लाज वाटते.

चुंबक आबांनी परत दिलाच नाही. शाळेत मी फुटला म्हणून सांगितलं. त्यांनी तो लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला, आणि दरवर्षी राईत जायच्या आधी दगडापाशी म्हाताऱ्याच्या हातात देऊन मांडीला लावून घ्यायचे. देवाला आणखी एक नेम लागला. मी गंमत बघत होते.

पुढच्या वर्षांत आबांचा एकेक अवयव बदलत गेला. वरचे दात पडले, कवळी आली. तिच्यात तार असेल म्हणून तिलाही चुंबक लावून झाला. मंचरच्या शिबिरात मोतीबिंदू काढला, डोळ्यात भिंग बसवलं. डोळा मिटून पापणीवर चुंबक. मग कानाचं यंत्र आलं, ते चिकटलं. ते दगडावर काढून ठेवायचं ठरलं, म्हणजे देवापाशी आबा बहिरे जायचे. मी चेष्टा करायचे, "आबा, आता मूळचं काय काय उरलंय ते एकदा सांगा, बाकीचं मी दुकानातून आणते." तेही हसायचे. एकदा मात्र भाकरी चावता चावता थांबले आणि म्हणाले, "गंमत न्हाई बाय. दात माझं न्हाईत, डोळा माझा न्हाई, हाड माझं न्हाई. देव मला वळखतो कशावरनं?"

"चालीवरून," मी म्हणाले. आबांची चाल सळईनंतर थोडी तिरकी झाली होती, तरी ती लांबूनही ओळखू यायची.

त्यांना ते पटलं असावं. मान हलवून पुन्हा भाकरी चावू लागले.

मग एका पावसाळ्यात लावणी करताना आबा चिखलात तोंडावर पडले. आठवड्याने पुन्हा पडले. पुण्याला नेलं तेव्हा कळलं की हृदय मधूनमधून ठोका द्यायचा विसरतंय. पेसमेकर बसवावा लागेल. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा लहान डबी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, हृदय विसरलं की ही डबी आठवण करून देते.

"इसरतंय, आन् ही आठवन देती," आबा म्हणाले. "मंग चालतंय त्ये कोन? मी का ती?"

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले होते.

डबीबरोबर एक माहितीपत्रक मिळालं, इंग्रजीत. शाळेतल्या मास्तरांकडून मी ते समजून घेतलं. त्यात काय जवळ न्यायचं नाही याची यादी होती आणि तिच्यात चुंबक होता. चुंबक लावला की डबी हृदयाचं ऐकायचं सोडते आणि आपल्याच ठरलेल्या वेगाने ठोके देत सुटते. शेवटी आणखी एक सूचना होती: मृत्यूनंतर दहन करायचं असेल तर डबी आधी काढून घ्यावी, आगीत ती फुटते. मास्तरांनी ते वाचून कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता परत दिला.

तेव्हाच मी वाडीला जाऊन देव्हाऱ्यातला चुंबक उचलायला हवा होता. पण उचलला असता तर आबांनी का म्हणून विचारलं असतं. चुंबक तुमच्या छातीला घातक आहे म्हटलं असतं, तर त्यांनी लगेच ओळखलं असतं की छातीत चुंबकाच्या नात्यातलं काहीतरी आहे. मग मांडीचं निघालं असतं. मग मागची सगळी वर्षं निघाली असती. मी मूग गिळून बसले, आणि एवढंच सांगितलं, "या डबीची तपासणी दवाखान्यातच झालीये. चिकटत नाही. पुन्हा लावायची गरज नाही. आणि लावायचं नाहीच."

"बरं," आबा म्हणाले. ते इतक्या सहज बरं म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दगडापाशी, म्हाताऱ्यासमोर झाल्याशिवाय कुठलीच तपासणी आबांच्या लेखी खरी नव्हती, आणि हा नेम मीच घालून दिला होता.

त्या वर्षी नव्या तांदळाच्या दिवशी मी सकाळीच ओतूरहून निघाले. घोडेगावला वेळेवर पोचले, पण डिंभ्याच्या पुढे घाटात एसटी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल. तासभर वाट पाहिली. धरणाचं पाणी खाली पसरलं होतं, त्यातून बुडालेल्या शिवारातल्या झाडांचे वाळके शेंडे वर आले होते. मला एकाएकी आबांच्या त्या 'बरं'ची आठवण झाली आणि माझी पाचावर धारण बसली. मी दुधाच्या जीपला हात केला. फाट्यावर उतरले आणि वाडीत न थांबता तशीच वर पळाले.

सगळी वाडी दगडापाशी जमली होती. दगडावर कोयते, विळे, पिना, आबांचं कानाचं यंत्र. आबा गवतात मांडी घालून बसले होते. सदऱ्याची बटणं उघडी. म्हातारा समोर उकिडवा बसला होता आणि चुंबक आबांच्या छातीवर होता.

"काढा तो!" मी ओरडले. आबांना यंत्राशिवाय ऐकू गेलं नाही. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले.

आबांनीच तो स्वतःच्या हाताने बाजूला केला. थोडं थांबले. पुन्हा छातीवर धरला. पुन्हा काढला. मी जवळ जाऊन त्यांचं मनगट धरलं. चुंबक नव्हता तेव्हा नाडी आबांची होती, संथ, थोडी रेंगाळणारी. त्यांनी चुंबक लावला आणि माझ्या बोटांखाली ती एकदम बदलली. जलद, सरळ, एका ठेक्यात. मी पंख्याची मोटर हाताळलीय, पाण्याचा पंप हाताळलाय. तो ठेका मला ओळखीचा होता. आबांच्या चेहऱ्यावर कसलीही वेदना नव्हती. ते ऐकत होते.

"चिकटत न्हाई," म्हातारा म्हणाला आणि हाताने जा अशी खूण केली.

आबांनी दगडावरचं यंत्र उचलून कानात घातलं. लोखंड ठेवून आत जायचं सोडून त्यांनी ते परत उचललं, हे बघून बायका कुजबुजायला लागल्या.

"चिकटत न्हाई खरं," आबा म्हणाले. "पर वळख देतंय. ह्यो जवळ आला की आतलं माझं ऐकना. त्येचं ऐकतंय." मग माझ्याकडे वळले. "तुला म्हाईत व्हतं?"

मी हो म्हणाले.

"आन् मांडीतलं?"

खोटं बोलायला माझ्यापाशी जागा होती. चिकटत नाही ना, मग झालं, एवढं म्हणायचं. पण मनगट अजून माझ्या हातात होतं. "ते पण लोखंडच आहे आबा. त्या जातीचं चिकटत नाही, एवढंच."

 काकाच्या हातात तांदळाचं मडकं होतं, ते त्याने घट्ट धरलं.

"मंग इतकी वर्सं," आबा म्हणाले, "आत कोन गेलं?"

 आबांनी मडक्याकडे बोट करून काकाला जा म्हटलं. काकाने चपला काढल्या, कमरेची किल्ली दगडावर ठेवली आणि आत गेला. आबा उठून दगडाला पाठ लावून बसले, कोयत्या-विळ्यांच्या शेजारी. पुढे जितकी वर्षं ते जगले तितकी वर्षं नव्या तांदळाच्या दिवशी ते तिथेच बसले.

वाडीने आम्हाला वाळीत टाकलं नाही. तेवढं बरं. पण माणसं मागचं आठवायला लागली. कुणाची विहीर आटली होती, कुणाची गाय दरीत गेली होती, कुणाच्या सुनेचं मूल गेलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत वाडीत जे जे वाईट झालं ते सगळं आमच्या दारात येऊन बसलं. मी गेले की बायका पदर सावरून वाट द्यायच्या. मला संताप यायचा. विहिरी आटतात, गायी पडतात, त्यात माझ्या आबांचा काय दोष? पण हे कुणाला सांगणार, आणि कुठल्या तोंडाने?

आबा मात्र कुणावर रागावले नाहीत. माझ्यावरही नाही, आणि तेच मला सोसेना. कसे आहात म्हटलं की म्हणायचे, "मी बरा हाय. त्येचं म्हाईत न्हाई." बोलता बोलता थांबायचे, हात छातीवर जायचा, आणि आत दुसरं कुणीतरी बोलत असावं तसे ऐकत राहायचे. शेवटच्या दिवाळीत त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"राख तरी आत जाईल का गं?" त्यांनी विचारलं. "का मला बी दगडावर ठेवत्याल?"

"जाईल," मी म्हणाले. "मी बघते."

"सळई बाहेर. मशीन बाहेर. जे उरंल त्ये आत. एवढं कर."

ते गेले तेव्हा सकाळ होती. मी वाडीतच होते. श्वास थांबला, डोळे उघडे राहिले, एक त्यांचा आणि एक भिंगाचा. काका रडत होता आणि माझ्या मनात एकच होतं, की आत ती डबी अजून ठोके देत असणार. तिला कुणी सांगितलेलं नाही. घोडेगावच्या डॉक्टरांनी येऊन ती काढून दिली, धुऊन, पिशवीत घालून. मी ती कनवटीला लावली.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. सळई राखेत जशीच्या तशी पडली होती, काळवंडलेली, पण सरळ. मी ती फडक्यात घेतली. अस्थी आणि राख मडक्यात भरली आणि आम्ही वर दगडापाशी आलो. मी साडीच्या पिना काढून दगडावर ठेवल्या. काकाने मडकं उचललं, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "थांबा. चुंबक फिरवून घ्या येकदा."

लाल फडकं काकाने बरोबर आणलंच होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चुंबक माझा होता.

मी तो मडक्यात घातला आणि आबांच्या राखेतून हळूहळू फिरवला. वर काढला तेव्हा दोन्ही टोकांना बारीक काळी कुसळं उभी राहिली होती. जिवंतपणी कधी चिकटला नाही तो आता चिकटला होता.

ती काय होती, मला माहीत आहे. आमची माती तांबडी, लोखंडाचीच. आगीत भाजली की चुंबकाला लागते. आणि नसती माती, तरी माणसाच्या रक्तात लोखंड असतंच. आबांच्या होतं, काकाच्या आहे, त्या म्हाताऱ्याच्या आहे. या राईत आजवर जो जो सेवेकरी गेला तो लोखंड घेऊनच गेला. हेही मास्तर दरवर्षी शिकवायचे. आबा दगडाला पाठ लावून बसले होते तेव्हा हे एक वाक्य मी त्यांना सांगू शकले असते. मांडीबद्दल खोटं सुचलं, हे खरं मात्र सुचलं नाही. आठवलं ते त्यांची राख हातात आल्यावर.

म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती. "हाय का काय?" त्याने विचारलं.

मी पाठ वळवली, चुंबकाची टोकं बोटांनी पुसली आणि ते काळे कण होते तसे परत मडक्यात सोडले.

"काही नाही," मी म्हणाले. "न्या."

काका मडकं घेऊन आत गेला. बेहड्यापर्यंत दिसला, मग दिसेनासा झाला. मी आबांच्या जागी, दगडाला पाठ लावून बसले. फडक्यातली सळई कोयत्यांच्या शेजारी ठेवली. आतून काहीच आवाज येत नव्हता. कनवटीची डबी काढून मी डाव्या हातात घेतली. अजून चालू होती की नव्हती, हाताला कळत नव्हतं. चुंबक उजव्या हातात होता. काका परत येईपर्यंत मी दोन्ही हात एकमेकांपासून लांब धरून बसले होते.